सरळ झोपता येत नाही म्हणून

माझे सासरे जोड्यांच्या दुकानात होते. मालक नव्हते. गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून त्याला बूट चढवून देणारे होते. मिसरूड फुटायच्या वयात त्या दुकानात शिरले ते केस पिकले तरी तिथेच. अंगाने इतके बारीक की सगळा बाजार त्यांना काडीपैलवान म्हणायचा, आणि तेही हाकेला ओ द्यायचे. शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. त्या कॉलरमध्ये त्यांची मान घंटेतल्या लोलकासारखी सैल हलायची.

दुकानात जितके सोशीक तितकेच घरी तापट. गिऱ्हाइकाने दहा जोड उघडायला लावले तरी कपाळाला आठी नाही, पण घरी चहा जरा कोमट झाला की झालं. एका शब्दाचा मात्र त्यांना दुकानातही राग यायचा, तो म्हणजे ‘चालेल’. गिऱ्हाईक उभं राहून, अंगठा आखडून म्हणायचं, “जरा टोचतोय, पण चालेल.” सासरे बूट काढून घ्यायचे. “पाय चालतो साहेब, बूट नाही चालत. उद्या तुम्ही लंगडाल आणि नाव दुकानाचं जाईल.” मालक मागून डोळे वटारायचा. पण गिऱ्हाईक पुन्हा यायचं ते ह्यांनाच विचारत, म्हणून मालकाची दातखीळ बसायची.

तर अशा माणसाचा चेहरा अचानक भरायला लागला.

सगळ्यांना काय आनंद झाला! शेजारीण म्हणाली, “तब्येत सुधारली हो तुमची, गाल वर आले.” मालक म्हणाला, “पैलवान, आता खरे पैलवान दिसताय.” माझ्या सासूबाईंना तर आकाश ठेंगणं झालं. लग्न झाल्यापासून सगळे त्यांना ‘नवऱ्याला खायला घालत नाही का’ म्हणून टोमणे मारत आलेले. त्या प्रत्येकाला सांगत सुटल्या, “इतकी वर्षं खाऊ घातलं ते आता कुठे अंगी लागतंय.” माझी बायको त्यांची एकुलती लेक. तिनेही बाबांचा गालगुच्चा घेऊन पाहिला.

फक्त ते वरचं बटण लागेना. सासऱ्यांनी आधी दोष धोब्याला दिला. कपडे आटवतो म्हणाले. नवा शर्ट आणला, त्याचंही लागेना. हातापायांच्या काड्या तशाच राहिल्या आणि मान तेवढी जाड झाली. हे काही बाळसं नव्हे, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण चांगली बातमी कुणी उलटी करून बघत नाही.

मग दुकानात त्यांना वाकता येईना.

म्हणजे वाकायचे, पण वाकले की डोकं भरून यायचं. ते मला म्हणाले होते, “जावईबापू, खाली बघितलं की कुणीतरी वरून हंडाभर पाणी डोक्यात ओततंय असं वाटतं. डोळे बाहेर येतील की काय.” एकदा एका बाईंच्या पायात चप्पल चढवून ते उठले तर तोंड जांभळं पडलेलं. बाई घाबरल्या. “काका, तुम्ही बसा हो, मी घालते माझी मी.” बाई चांगुलपणानेच बोलल्या. सासऱ्यांच्या मात्र ते इतकं मनाला लागलं की घरी येऊन जेवले नाहीत.

गल्लीतल्या डॉक्टरांनी निदान केलं, ॲलर्जी. कशाची? तर नव्या चामड्याची. सासरे उसळले. “जन्म गेला माझा चामड्यात नाक खुपसून! आज ॲलर्जी होते होय?” तरी गोळ्या घेतल्या. गोळ्यांनी झोप यायची, पण झोपता यायचं नाही, कारण आडवं झालं की जीव घुसमटायचा. पुढे मीठ बंद केलं. मग मूत्रपिंडाच्या तपासण्या झाल्या, त्या स्वच्छ निघाल्या. सगळं स्वच्छ आणि माणूस मात्र दिवसेंदिवस फुगतोय. आधी दोन उशा लागायच्या, मग चार, आणि शेवटी ते खुर्चीतच बसून रात्र काढू लागले. सासूबाई समोर पलंगावर जाग्या. झोपमोड झालेली दोन म्हातारी माणसं दिवसभर एकमेकांवर डाफरायची.

एक दिवस त्यांनी अंघोळीनंतर पंचा मागितला. तो द्यायला माझी बायको गेली आणि तिने त्यांची उघडी छाती पाहिली. छातीवर निळ्या-जांभळ्या शिरांचं जाळं उमटलं होतं. तिने तिथल्या तिथे ठरवलं. “बाबा, आजच मोठ्या दवाखान्यात जायचं. नाही म्हणालात तर मी दुकानात येऊन गोंधळ घालीन.” दुकानात गोंधळ हे शस्त्र बरोबर लागलं.

माझी कामाची पाळी दुपारनंतरची असते, त्यामुळे सकाळी त्यांना घेऊन फिरायचं काम माझ्याकडे आलं. सासऱ्यांना ते अवघड वाटायचं. जावयासमोर पायजम्याची नाडी सोडायची, जावयाने पाणी पाजायचं, जावयासमोर विव्हळायचं, म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं. रिक्षात मला म्हणायचे, “तुम्ही नुसते दारात सोडा, मी बघतो पुढचं.” आणि दारातून आत चार पावलं चालले की भिंतीला हात टेकून उभे राहायचे.

सीटी स्कॅन कसाबसा झाला. तो थोडक्यात आटोपतो, म्हणून तेवढा वेळ त्यांनी दात-ओठ खाऊन काढला. दोन दिवसांनी छातीच्या विभागातल्या तरुण डॉक्टरने आम्हाला बोलावून चित्र दाखवलं. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या अंगाला गाठ होती. डोकं आणि हात इथलं रक्त हृदयाकडे परत आणणारी जी मोठी शीर असते, तिच्यावर ती गाठ रेलली होती.

“रबरी नळीवर कुणी पाय देऊन उभं राहिलं की कसं होतं? तसंच झालंय,” डॉक्टर म्हणाला. “रक्त वर चढतंय, पण खाली उतरायला वाट नाही. म्हणून चेहरा सुजलाय, मान जाड झालीय.”

“मग पाय काढा ना,” सासरे म्हणाले.

“पाय काढायला आधी कळायला हवं तो कुणाचा आहे. गाठ कॅन्सरची वाटते, पण तुकडा तपासल्याशिवाय कुठलं औषध द्यायचं ते ठरत नाही. परवा तुकडा काढू.”

सासरे एवढंच म्हणाले, “परवा किती वाजता?”

त्या परवापासून आमची खरी वणवण सुरू झाली.

तुकडा काढायच्या खोलीत त्यांना टेबलावर चढवलं. आतला मदतनीस म्हणाला, “काका, सरळ झोपा.” सासरे म्हणाले, “सरळ झोपता येत नाही म्हणूनच तर आलोय.” तो म्हणाला, “पाच मिनिटं हो, काही होत नाही.” आणि त्याने खांदे धरून त्यांना खाली टेकवलं.

मी बाहेर होतो. आतून आधी खाडकन काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग सासऱ्यांचा आवाज, तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, बुडणारा माणूस हाक मारतो तसा. मी आत धावलो. ते टेबलावरून अर्धे खाली आले होते. हाताची सुई निखळली होती, तोंड जांभळं-काळं, डोळे लाल. मदतनिसाच्या पोटाला लाथ बसली होती आणि तो बिचारा कोपऱ्यात पोट धरून उभा. सासऱ्यांना बसतं केल्यावर पुष्कळ वेळाने रंग परत आला. पहिलं वाक्य काय बोलले, तर मदतनिसाला, “लागलं का हो फार?”

पण त्या दिवसापासून आमच्यावर शिक्का बसला, पेशंट सहकार्य करत नाही. कुठल्याही खोलीत गेलो की आमच्या आधी ही कीर्ती पोचलेली असायची. एक डॉक्टर तर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “ते थोडे तिरसट आहेत का स्वभावाने?” मी म्हणालो, “आहेत. पण त्याचा ह्याच्याशी संबंध नाही.” त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

तुकडा निघत नाही म्हणून आम्हाला रेडिएशनच्या विभागात पाठवलं. शेक देऊन गाठ थोडी आकसली तर माणूस झोपू शकेल, असा विचार. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “निदान नसताना मी शेक कसा देऊ? आणि इथंही सरळच झोपावं लागतं.” पुन्हा छातीच्या विभागात आलो. तिथे सूज उतरायची इंजेक्शनं दिली. त्याने सूज हलली नाही, भूक तेवढी वाढली, आणि सासूबाईंना उगाच वाटलं की सुधारणा आहे. मग कुणीतरी म्हणालं, वरच्या मजल्यावर शिरांचा विभाग आहे, ते लोक मिटलेल्या शिरेत जाळीची नळी बसवतात, तिला स्टेंट म्हणतात, तिथे जा. गेलो. खिडकीतल्या माणसाने कागद उलटेपालटे केले आणि म्हणाला, “तुकड्याचा रिपोर्ट कुठाय? आधी निदान आणा, मग नंबर मिळेल.”

“निदान करायला हे झोपू शकत नाहीत,” मी म्हणालो. “झोपता यावं म्हणूनच तर स्टेंट हवा आहे.”

“ते मला सांगून काय उपयोग? निदान आणा.”

“अहो, निदानासाठी झोपायला लागतं. झोपण्यासाठी स्टेंट लागतो. आणि स्टेंटसाठी तुम्ही निदान मागता. मग आम्ही सुरुवात कुठून करायची?”

त्याने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. “पुढचे या,” म्हणाला.

मी सभ्य माणूस समजला जातो. पण त्या दिवशी जिन्यात मी भिंतीवर मूठ मारली, आणि हात आठवडाभर ठणकत होता. सासरे पायरीवर बसले होते. म्हणाले, “भिंतीला काय मारता जावईबापू. ती तरी जागेवर आहे.” धाप जरा ओसरल्यावर म्हणाले, “मी आयुष्यभर लोकांना म्हणत आलो की टोचत असेल तर घेऊ नका. इथं सगळे म्हणतात, टोचतंय ना, चालेल.”

घरी आणखी वेगळाच ताप. भेटायला येणारी माणसं दारातून आत येत आणि चेहऱ्यावरून हात फिरवल्यासारखं बोलत, “आजारी मुळीच वाटत नाही हो! चेहरा किती छान भरलाय!” सासूबाई आता ह्यावर काही बोलत नसत. एकदा पाहुणे गेल्यावर त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि कढई अशी काही घासायला लागल्या की तिला भोक पडेल असं वाटलं. मी आत गेलो तर म्हणाल्या, “मीच सांगत फिरले ना सगळ्यांना, तब्येत सुधारली म्हणून.”

माझ्या सासूबाई कधी कुणापुढे आवाज न चढवणाऱ्या. बाजारात भाजीवाल्याशी घासाघीस करायची तर नवऱ्याला पुढे करायच्या. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून तयार. म्हणाल्या, “आज मी येते. तुम्ही दोघं गप्प बसायचं.”

त्या थेट वरच्या मजल्यावर गेल्या. खिडकीकडे पाहिलंही नाही. शिरांच्या विभागाच्या आतल्या दाराशी गेल्या आणि सासऱ्यांना तिथल्या बाकावर बसवून स्वतः दारात उभ्या राहिल्या. शिपाई म्हणाला, “आजी, इथं थांबता येत नाही.” त्या म्हणाल्या, “बरं,” आणि थांबल्या. तो पुन्हा म्हणाला. त्या पुन्हा “बरं” म्हणाल्या. भांडणाऱ्या माणसाला हुसकता येतं. ‘बरं’ म्हणून जागचं न हलणाऱ्या बाईचं करायचं काय?

जेवायच्या वेळेला आतून एक डॉक्टरीणबाई डबा घेऊन बाहेर आल्या. मध्यमवयीन, केस विस्कटलेले, कमरेला एक्स-रेच्या खोलीत घालतात त्या जड शिशाच्या झग्याचे वळ. सासूबाई त्यांच्या वाटेत आडव्या आल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, “बाई, कागद नका बघू. माझ्या नवऱ्याचं तोंड तेवढं बघा.”

डॉक्टरीणबाईंनी मान वळवली. बाकावर सासरे बसले होते, पापण्या सुजून डोळ्यांच्या फटी झालेल्या, हात मांडीवर उशीसारखे. बाई त्यांच्यासमोर वाकल्या. मानेच्या शिरा बघितल्या, बोटांनी दंड दाबला, शर्टाची दोन बटणं काढून छाती पाहिली.

“रात्री झोपता कसे?”

“बसून,” सासरे म्हणाले.

“किती दिवस?”

त्यांनी बायकोकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, “मोजायचं सोडून दिलं.”

डॉक्टरीणबाईंनी डबा बाकावर ठेवला आणि खिशातून फोन काढला. पलीकडे छातीचा विभाग असावा. त्या बोलत होत्या त्यातलं अर्धं मला कळलं नाही, पण सूर कळला. “निदान नंतर करा. माणसाला झोपू तर द्या आधी… नाही, मी थांबणार नाही… उद्या सकाळी पहिला.” फोन ठेवून त्या सासऱ्यांना म्हणाल्या, “काका, नीट ऐका. जांघेतल्या शिरेतून एक तार वर नेईन, छातीपर्यंत. जिथं शीर दबलीय तिथं फुग्याने ती फुगवीन आणि आत जाळीची नळी ठेवीन. ती शीर उघडी धरून ठेवील. गाठ तशीच राहणार. गाठ बरी करायचं काम माझं नाही, ते खालचे लोक करतील. मी फक्त वाट मोकळी करून देते.”

“आणि सरळ झोपावं लागेल?”

“थोडं. टेबल मी वर उचलून ठेवीन, उशा देईन. घुसमटलं तर सांगायचं, मी थांबेन. लाथ मारायची नाही.”

लाथेची कीर्ती इथवरही पोचली होती तर! सासरे लाजले. किती तरी दिवसांनी त्यांना लाजताना पाहिलं, त्या सुजल्या चेहऱ्यावरही कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आत नेलं. जागेच होते, भूल फक्त जांघेपुरती. आतलं सगळं त्यांनी नंतर सांगितलं. डोक्याशी एक सिस्टर उभी राहिली होती आणि सारखं बोलत होती, तिच्या पायाला बूट कुठे लागतो ते सांगत होती, कारण ह्यांनीच विचारलं होतं. फुगा फुगवला तेव्हा छातीत कुणी मूठ वळल्यासारखी कळ आली. ते ओरडले, पण लाथ मारली नाही. मग एकदम काय झालं ते सांगताना म्हणाले, “घट्ट बुटाची नाडी कुणी सैल करावी ना, तसं. आधी कानात शांत झालं. मग डोकं हलकं झालं. बाईंना म्हणालो, ‘झालं वाटतं.’ त्या म्हणाल्या, ‘तुम्हाला माझ्या आधी कळलं का?’”

बाहेर आणलं तेव्हा त्यांच्या खाटेची पाठ उभी होती. वॉर्डमध्ये आल्यावर त्यांनीच सिस्टरला सांगितलं, “खाली करा बघू.” तिने थोडी खाली केली. “अजून.” अजून केली. खाट सपाट झाली. मी, बायको आणि सासूबाई बघत उभे. सासऱ्यांनी छताकडे पाहिलं, डोळे मिटले, आणि आमच्याशी एक शब्द न बोलता झोपले. मोठ्याने घोरत. जेवण आलं आणि गेलं, डॉक्टर आले आणि गेले, हा माणूस घोरतोय. सासूबाई खाटेशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. थोड्या वेळाने बघतो तर त्यांचंही डोकं गादीच्या कडेवर टेकलेलं.

दुसऱ्या दिवशी पापण्या उघडल्या, तिसऱ्या दिवशी गाल उतरले. सुरकुत्या एक एक करून परत आल्या. सासूबाई त्यांचं तोंड ओल्या फडक्याने पुसता पुसता म्हणाल्या, “आलात का, या.”

आता वाटलं होतं, सुटलो. कसले सुटतोय.

सरळ झोपता येताच तुकडा निघाला. रिपोर्ट आला. कॅन्सरच होता, आणि कापून काढता येण्यापलीकडचा. केमो सुरू झाली. आणि इकडे भेटायला येणाऱ्यांची दुसरी फेरी सुरू झाली. चेहरा उतरून काडीपैलवान पुन्हा काडी झालेले बघून माणसं दारातच हळहळायची. “अरेरे, काय होते आणि काय झाले! मागच्या वेळी किती छान दिसत होते.” सासरे हे ऐकून भडकायचे. एकदा त्यांनी आपल्या चुलत भावाला सरळ सांगितलं, “मागच्या वेळी मी मरत होतो गाढवा. आता जरा बरा आहे.” भाऊ उठून गेला तो महिनाभर फिरकला नाही. उलट काहींना वाटलं, नळी बसवली म्हणजे कॅन्सर गेला. मालकाने दुकानात सगळ्यांना सांगूनही टाकलं, “ऑपरेशन झालं, पैलवान ठणठणीत!” कुणाकुणाला किती वेळा समजावायचं? वाट मोकळी झाली, पण पाय देऊन उभा असलेला तिथंच आहे, हे वाक्य मी इतक्यांदा बोललो की मला त्याचा वीट आला.

रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या कायमच्या लागल्या. मध्येच एकदा नाकातून रक्त आलं म्हणून सासऱ्यांनी आम्हाला न सांगता गोळ्या बंद केल्या आणि उजवा हात पुन्हा सुजला. नळीत गुठळी धरू लागली होती. डॉक्टरीणबाईंनी औषधाने ती विरघळवली आणि मग त्यांना जे झाडलं! घरी कोमट चहावरून रण माजवणारा हा माणूस खाली मान घालून ऐकत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, “बाई चांगली आहे.”

केमोच्या दोन फेऱ्यांमध्ये जरा बरं वाटलं की ते दुकानात जायचे. मालकाने गल्ल्याजवळ खुर्ची टाकून दिली, “नुसते बसा, गिऱ्हाइकांना बरं वाटतं.” तिथे त्यांना कसं बसवणार? एकदा मी त्यांना आणायला गेलो तर ते खुर्चीवर नव्हते. एका जाडजूड गृहस्थांच्या पायाशी उकिडवे बसले होते. डोक्यावरचे केस गेलेले, पाठीची हाडं शर्टातून वर आलेली. बुटात शिंगाचा चमचा सरकवून त्यांनी टाच आत बसवली, नाडी बांधली, पुढच्या टोकाला अंगठ्याने दाबून पाहिलं. चांगला बराच वेळ ते वाकूनच होते. मग उठले. चेहरा जसाच्या तसा, पांढरट. नुसती थोडी धाप.

“कसा वाटतो?” त्यांनी विचारलं.

“चालेल,” गृहस्थ म्हणाले.

“दुसरा बघू,” सासरे म्हणाले, आणि बूट काढून घेतला. मालक मागे कपाळाला हात लावून उभा होता. मी हसू लागलो ते हसू थांबेना, आणि मग मला दुकानाबाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

औषध काही काळ लागू पडलं, मग पडेनासं झालं. पुढच्या स्कॅनमध्ये काळजात, म्हणजे यकृतात, डाग दिसले. छातीचा तो तरुण डॉक्टर चित्र दाखवून म्हणाला, “एक गोष्ट मात्र चांगली आहे, नळी उत्तम काम करतेय.” सासरे म्हणाले, “म्हणजे नळी उत्तम, बाकीचा माणूस तेवढा बिघडलाय.” डॉक्टर गोरामोरा झाला. मग सासऱ्यांनाच त्याची दया आली, म्हणाले, “तुमचं काय चुकलं त्यात.” बाहेर व्हरांड्यात मात्र मला म्हणाले, “चीड येते हो जावईबापू. कुणावर काढावी तेच कळत नाही. कुणी वाईट भेटला असता तर बरं झालं असतं.”

ते पुढच्या उन्हाळ्यात गेले, घरी, दुपारच्या वेळी. शेवटी खाणं सुटलं, अंग पिवळं पडलं, बोलणं कमी झालं. पण घुसमट पुन्हा आली नाही. पलंगावर आडवे, डोक्याखाली एक उशी. सासूबाई शेजारी पडल्या होत्या. त्यांना आधी कळलंच नाही, कारण ते झोपेत गेले, आणि घोरणं थांबलं तेव्हा त्यांना वाटलं, कूस वळले असतील.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी एका मित्राला भेटायला त्याच दवाखान्यात गेलो होतो. लिफ्टजवळ त्या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी मला ओळखलं. “काका कसे आहेत?” मी सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. मग विचारलं, “सूज पुन्हा आली का? शीर शेवटपर्यंत उघडी होती ना?”

“होती. सरळ झोपून गेले.”

त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान आलं, आणि आपल्याला समाधान वाटलं म्हणून लगेच संकोचही आला. मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी जे करायचं कबूल केलं होतं ते केलं होतं.

“आधी आला असतात तर खुर्चीतले ते दिवस तरी टळले असते,” त्या म्हणाल्या. “असे पेशंट नेहमी उशिरा येतात आमच्याकडे. लवकर यायला हवेत.”



“आम्ही लवकरच आलो होतो, डॉक्टर,” मी म्हणालो. “तुमच्याच मजल्यावर. तुमच्याच खिडकीवर.”

लिफ्टचं दार उघडलं. त्यांनी आत पाऊल टाकलं नाही. लोक आत गेले, दार मिटलं, लिफ्ट निघून गेली आणि त्या तिथंच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “कोण होतं खिडकीवर?”

“नाव माहीत नाही,” मी म्हणालो. “आणि नाव कळून तरी काय होणार? ‘निदान आणा’ म्हणायला त्यालाही कुणीतरी सांगितलं असेल.”